आधी कुठलं वाचवायचं?

भांडुपच्या प्रेमाबाई राऊळ महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि अंध मुलांसाठी पुस्तकं वाचायला लागल्या. मुलगी श्रुतिकाने दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसून मोठ्याने वाचायचं, रेकॉर्ड करायचं आणि ज्याला हवं त्याला पाठवून द्यायचं. पंखा बंद ठेवायचा. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की थांबायचं आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून घ्यायचं. कॉलेजची पुस्तकं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, मधूनच एखादी कादंबरी. कॉम्प्युटरच्या त्या डब्यात अशी बरीच पुस्तकं साठली होती.

मग गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ साधीच होती, पण आवाज गेला तो पहिल्यासारखा परत आला नाही. आता घशातून घोगरं, फाटकं काहीतरी निघायचं आणि दोन पानांत तेही बसायचं. त्यात यजमान श्यामसुंदर यांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना उठवणं, अंघोळ घालणं, हात धरून चालवणं यातच दिवस सरायचा. कॉम्प्युटरवर प्रेमाबाईंनी एक जुना टॉवेल टाकून ठेवला तो ठेवलाच.

एका सकाळी मुलुंडच्या धम्मपालचा फोन आला. पोरगा जन्मापासून अंध, राज्यसेवेची तयारी करणारा.

"मॅडम, राज्यशास्त्राचा दुसरा भाग माझ्याकडे उघडतच नाहीये. फाइल अर्धवट आली असेल. परत पाठवाल का? परीक्षा पुढच्या महिन्यात आहे ना."

"पाठवते रे, आजच पाठवते," प्रेमाबाई म्हणाल्या.

त्यांनी कॉम्प्युटर लावला. यजमानांची पेज शिजून झाली तरी तो सुरूच होत होता. आतून टक-टक आवाज येत होता. एकदाचा पडदा उजळला, पण फाइल उघडायला गेलं की सगळं गोठायचं. त्यांनी बंद केला, पुन्हा लावला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. चौथ्या-पाचव्या वेळी पडद्यावर विचारणा आली: डिस्कमध्ये बिघाड आहे, दुरुस्त करू का? प्रेमाबाईंना बरंच वाटलं. हो म्हणून त्या यजमानांना अंघोळ घालायला गेल्या. परत आल्या तेव्हा गाडी होती तिथेच अडकलेली आणि टकटक वाढलेली.

"काय झाला गो?" श्यामसुंदरांनी पलंगावरून विचारलं. झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती आणि मुंबईत इतकी वर्षं काढूनही आता तोंडात फक्त गावची बोली यायची.

"काही नाही. माझ्यासारखाच घसा बसलाय त्याचा," म्हणत त्यांनी नीलमला फोन लावला.

नीलम त्यांची जुनी विद्यार्थिनी. स्टेशनजवळ तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. टकटक ऐकताच ती म्हणाली, "बाई, आधी बंद करा. आणि आता मी येईपर्यंत हात लावू नका. आतली डिस्क जेवढी फिरेल तेवढी मरेल."

रविवारी दुपारी ती लॅपटॉप आणि नवी डिस्क घेऊन आली. डबा उघडून जुनी डिस्क बाहेर काढली आणि वायरीने लॅपटॉपला जोडली.

"दुरुस्त करायला लावलंत का हिला?"

"लावलं. स्क्रीननेच विचारलं गं."

नीलमने लॅपटॉप जवळ ओढला. "जाऊ दे. मरायला टेकलेल्या डिस्कला दुरुस्ती झेपत नाही, बाई. तिच्याकडून फक्त काढून घ्यायचं. एखादी फाइल अडली तर तिच्यामागे लागायचं नाही, सोडून पुढे जायचं. कधी थांबेल सांगता येत नाही. म्हणून सांगा, आधी काय हवंय?"

श्रुतिका मालाडहून फोनवर होती. ती घाईने म्हणाली, "आई, आधी गोष्टींचं फोल्डर घे. प्रांजलसाठी सांगितलेल्या गोष्टी. तुझा जुना आवाज मला बाकी कुठे ऐकायला मिळणार गं?"

प्रेमाबाईंनी डोळे मिटून घेतले. नातीला मांडीवर घेऊन त्या गोष्टी सांगितल्या होत्या. मधे मधे पोरीचं खिदळणंही त्यात आलं होतं. क्षणभर वाटलं, आयुष्यभर दुसऱ्यांच्याच पोरांचं आधी पाहिलं, आज एकदा तरी आपलं पाहावं. पण धम्मपालला सांगायचं काय?

"राज्यशास्त्र घे, नीलम," त्या म्हणाल्या. "गोष्टी नंतर."

श्रुतिकाने फोन ठेवला.

फाइली मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. एक प्रकरण आलं, दुसरं आलं, मग एक अडलं. नीलमने ते सोडलं. प्रेमाबाई मधेच उठून यजमानांची कूस बदलून आल्या. पुस्तक संपलं तेव्हा दोन प्रकरणं आलीच नव्हती. मग गोष्टी घेतल्या. चार उतरल्या आणि पाचवीच्या मध्यावर डिस्कने एक घरघर काढली, फिरायची थांबली. नीलमने पुन्हा जोडून पाहिली. काही नाही.

"लॅबमध्ये देता येईल," ती म्हणाली, "पण निघेलच असं नाही. माझीही चूक झाली, बाई. पूर्वीच सांगायला हवं होतं. एकाच ठिकाणी ठेवलेलं म्हणजे ठेवलेलंच नाही. आता हे दोन ठिकाणी ठेवा. एक इथे, एक श्रुतिकाकडे."

प्रेमाबाईंनी मान हलवली. रडूही येत नव्हतं. तेवढं त्राणच नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी धम्मपालला सांगितलं. "दोन प्रकरणं गेली रे. पंचायत राज आणि राज्यपाल. परत वाचते, पण आवाज फार वाईट येईल."

"चालेल की, मॅडम," तो हसला. "आम्ही सगळे दुप्पट स्पीडने ऐकतो. त्यात तुमचा आवाज काय न् कुणाचा काय, सगळ्यांचाच चीं-चीं करणारा उंदीर होतो."

प्रेमाबाईंना हसू फुटलं आणि हसता हसता ठसकाही लागला. धम्मपालने आणखी एक केलं. आपल्या ग्रुपवर विचारलं, राऊळ मॅडमची पुस्तकं कुणाकुणाकडे आहेत? घाटकोपरच्या एकाकडे इतिहास निघाला, कुणाच्या मेमरी कार्डवर अर्थशास्त्र. सगळं नाही, पण बरंच परत आलं. नीलमने तिच्या एका जुन्या लॅपटॉपवर ते भरून दिलं.

पंचायत राज आणि राज्यपाल ही दोन प्रकरणं मात्र प्रेमाबाईंनाच वाचावी लागली. यजमान झोपले की एक पान, कधी दीड. कोमट पाणी प्यायचं, थांबायचं, पुन्हा वाचायचं. परीक्षेच्या आठवडाभर आधी ती पूर्ण झाली.

त्यानंतरच्या रविवारी श्रुतिका आपली कॉपी न्यायला आली. तिने चारही गोष्टी तिथेच बसून ऐकल्या. मग हळूच विचारलं, "आई, पाचवी कुठली होती गं?"

प्रेमाबाईंनी खूप आठवून पाहिलं.

"नाही गं आठवत," त्या म्हणाल्या आणि यजमानांशेजारी जरा आडव्या झाल्या.