मधले मजले

आमच्या दुकानाशेजारच्या टेलरकाकू तशा कुणाला भिणाऱ्या नव्हेत. ब्लाउज बिघडला म्हणून भांडायला आलेली बाई जाताना नवीन कापड टाकून जायची, असा त्यांच्या तोंडाचा पट्टा. पण नव्या इमारतीत आल्यापासून त्यांच्या जिवाला घोर लागला होता.

जुन्या बाजारात त्यांचं खाली दुकान, वर खोली. अर्धांगवायू झालेले काका वर पलंगावर. काही हवं असलं की ते कापड मोजायच्या गजानं लाकडी जमिनीवर ठोकायचे. मशीनच्या खडखडाटातही काकूंना ते बरोबर ऐकू यायचं. मग बाजार पाडून शहराचा मध्यभाग पुन्हा गजबजवायचं ठरलं. खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर घरं. आम्हाला दुकानं मिळाली, घरंही मिळाली. कुरकुर कुठल्या तोंडानं करणार? फक्त काका-काकूंच्या मधे आता ऑफिसांचे मजले आले.

माझ्या आग्रहावरून काकूंनी काकांना फोन घेऊन दिला. तो उशाशी पडून राहिला, काकांचा हात गजाकडेच जायचा. काकू सारख्या वर पळायच्या, नाहीतर छताकडे कान लावून बसायच्या. मान अवघडेल हो, अशी मी चेष्टा केली. त्या हसल्या नाहीत.

“मला फार भीती वाटते,” एवढंच म्हणाल्या.

एके दिवशी गिऱ्हाइकांची रीघ लागली आणि वर जायचं राहूनच गेलं. दुपारी इमारतीचा वॉचमन चौकशी करत आला. वर कोणी सुतारकाम काढलंय का, सकाळपासून ठोकाठोक चाललीये, खालचे ऑफिसवाले वैतागलेत, असं त्याचं म्हणणं.

काकूंच्या हातातली कात्री पडली. लिफ्ट येईना, तेव्हा त्या जिन्यानं धावल्या. मी मागोमाग. त्यांनी दार उघडलं तेव्हा मला आत बघायचं धैर्य होईना.

काका बाथरूमच्या दाराशी पडले होते. कपाळावरचं रक्त सुकलेलं, डोळे मिटलेले, गज मुठीत. काकूंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तसे काकांनी डोळे उघडले.

“दुकानात गर्दी असेल,” ते अडखळत म्हणाले, “म्हणून हळूच ठोकत होतो.”