सोमवारचे पाळक

आसपासच्या चर्चमधले पाळक त्यांना सोमवारकाका म्हणत. रविवारी मंडळी पाळकाला डोक्यावर घेते नाहीतर धारेवर धरते, सोमवारी मात्र त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. स्वतः पाळकपदावरून निवृत्त झाल्यापासून काका नेमके त्याच दिवशी थर्मास आणि दोन कप पिशवीत घालून कुणाच्या तरी दारात उभे राहत. गळकं छत असो, एकमेकांचं तोंड न बघणारे चर्चचे पंच असोत, की पाळकाच्याच घरातली धुसफूस, जे निघेल ते ऐकत.

“रविवार देवाचा, सोमवार पाळकांचा,” बायको म्हणायची. “माझा वार कॅलेंडरात कुठे छापलाय तेवढं दाखवा.”

काकांचा एक नियम होता. समोरच्याने मागितल्याशिवाय प्रार्थना करायची नाही. पाळकाच्या तोंडी हा नियम ऐकून लोक चाट पडत, पण काका कारण सांगत नसत.

कारण होता लंबू. बायबल शाळेत दोघे एका बाकावर बसले, पुढे शेजारशेजारच्या चर्चमध्ये पाळक म्हणून लागले. बावीस वर्षांपूर्वी एका सोमवारी लंबूने काकांच्या भिंतीला सायकल टेकवली आणि आत येऊन म्हणाला, “मला आता प्रार्थना करवत नाही रे. तोंड चालतं, आत काही नसतं.”

काका घाबरले. घाबरलेला पाळक जे करतो तेच त्यांनी केलं. लंबूचा हात धरला, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. चांगली दणदणीत झाली. आमेन म्हणून डोळे उघडले तर लंबू बूट घालत होता.

“बरं वाटलं,” तो म्हणाला आणि गेला. महिन्याभरात त्याने झगा चर्चमधल्या खिळ्याला अडकवला आणि गाव सोडलं. काकांची पत्रं परत आली. अजूनही रस्त्यात कुणी उंच माणूस पाठमोरा दिसला की काकांची पावलं भरभर पडत, आणि त्याने मागे वळून पाहिलं की काकांना उगाच चपलेचा अंगठा नीट करावा लागे.

त्या सोमवारी ते एका तरुण पाळकाकडे गेले. तो चर्चमध्ये एकटाच, भिंतीवरच्या पाटीवरचे कालच्या उपासनेतल्या गीतांचे नंबर काढत होता. टेबलावर पाकीट होतं.

“राजीनामा आहे, काका.”

काकांनी चहा ओतला.

“शनिवारी सहा वर्षांच्या मुलीला माती दिली. काल उपासनेनंतर मी दारात उभा राहून सगळ्यांशी हात मिळवत होतो. तिची आई समोर आली आणि मी म्हणालो, ‘काय, बरं आहे ना?’ सवयीने! तीही म्हणाली, ‘बरं आहे.’ असल्या तोंडाने मी कुणाला काय सांगू?”

काकांच्या ओठांवर एक वचन आलंच होतं. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.

“मग?” त्यांनी विचारलं.

तो तासभर बोलला, रडला, पुन्हा बोलला. शेवटी डोळे पुसून म्हणाला, “तुमच्याकडे सोमवारी कोण येतं, काका?”

“माझ्याकडे बायकोची बोलणी येतात,” काका हसले. पण हसणं अर्ध्यावरच राहिलं आणि लंबूची गोष्ट बाहेर पडली. “तो आहे की गेला, तेही ठाऊक नाही. माफी वगैरे पुढचं पुढे. मला तो हवाय रे. नुसता समोर बसलेला हवाय.”

तरुण पाळकाचा हात पुढे आला. त्याने काकांचा हात धरला. त्याच्या पापण्या हळूहळू मिटू लागल्या, ओठ हलले. काकांनी मनात म्हटलं, झालं, आता हा सुरू होणार.

पापण्या पुन्हा उघडल्या. त्याने खुर्ची जवळ ओढली, थर्मासमधला उरलेला चहा काकांच्या कपात ओतला आणि कप त्या पाकिटावरच ठेवला. चहा ओघळून पाकिटावर तपकिरी गोल उमटला. त्याचं तिकडे लक्षही नव्हतं.

“मग?” त्याने विचारलं.

बावीस वर्षांत काकांना हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले आणि भिंतीला टेकवलेल्या सायकलपासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.