धुरपताबाईचा कंपालातला बाजार

आंजीच्या तानबा थूलला यंत्राचं दुखणं नुसत्या आवाजावरून कळायचं. वर्ध्याच्या एका कापसाच्या जिनात तो पंधरा वर्षं फिटर होता. कापसातून सरकी वेगळी करणारा रेचा अडला की बाकीचे आधी झाकण उघडत. तानबा डोळे मिटून क्षणभर उभा राही आणि म्हणे, "डाव्या अंगाचं बेरिंग गेलं." उघडून पाहिलं की बहुतेक वेळा तेच निघे.

१९५५ साली त्या जिनात एक गुजराती व्यापारी आला. आफ्रिकेत, युगांडा देशात, त्याच्या भावाचे कापसाचे जिन होते आणि तिथे रेच्यातला जाणकार माणूस मिळत नव्हता. त्याने तानबाला चार वर्षांच्या करारावर कंपाला शहरात येतोस का, असं विचारलं. तानबाने घरी येऊन बायकोला विचारलं. धुरपता अंबाडी निवडत बसली होती.

"जा," ती म्हणाली. "पन मले बलावजो. इसरू नोको."

तो विसरला नाही, पण बोलावायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत आंजीत मोठी गोष्ट घडून गेली. छप्पनच्या दसऱ्याला धुरपता आणि तिचे सासरे रामाजी पांढरी कापडं घालून नागपूरला गेले आणि लाखो लोकांबरोबर बौद्ध होऊन परत आले. घरी येताच रामाजींनी देव्हाऱ्यातले देव उचलून नदीत सोडले. शाळेतल्या मास्तरांकडून धुरपताने हे सगळं तानबाला कळवलं. त्याचं उत्तर आलं ते तीन ओळींचं: तब्येत बरी आहे, बोटीचं तिकीट पाठवतो, बाकी भेटीत बोलू.

सत्तावनच्या जूनमध्ये ती कंपालाच्या स्टेशनावर उतरली. बोटीत सुरुवातीचे दिवस ओकाऱ्या आणि नंतर दोन दिवस रेल्वे. तानबा फलाटावर उभा होता. अंगावर विलायती कोट, पण माणूस वाळलेला. ट्रंक उचलून तो चालायला लागला आणि चालता चालताच त्याने तिला त्या शहराची शिकवण द्यायला सुरुवात केली. दोन वर्षांत त्याला मनातलं बोलायला कोणी भेटलंच नव्हतं.

"पाह्य, इथं बजारात गेलं का पयले काईच घ्याचं नाई. सारा बजार फिरून पाहाचा. मंग इचारजो, 'बेई गानी?' म्हंजे भाव काय. पन त्याच्या आंधी रामराम करा लागते, घरच्याची खुशाली इचारा लागते. नाई इचारली तं त्याह्यले वाटते का मानूस भांडाले आला. भाव जास्त सांगतला तं रागावू नोको, हासजो, मंग तो कमी करते. पानी उकळल्याबिगर प्याचं नाई. छत्री रोज संग घ्याची, इथं पानी कवाई येते."

"पैशाले काय म्हन्ते?"

"पेसा."

"अन् दुकानाले?"

"दुका. अन् गाडीले गारी."

धुरपता थांबली आणि किती दिवसांनी हसली. "अवो, हे तं आपलंच बोलनं, जरासं वाकडं!"

टेकडी चढून उतार लागला तेव्हा तानबाचा आवाज खाली आला. "आनखी एक. इथं कोनाले थूल म्हून सांगू नोको. इथं मी तानबा आंजीकर हाओ."

"काऊन?"

त्याने सांगितलं. कंपनीच्या ऑफिसात प्रभाकरराव नावाचे कारकून होते, वर्ध्याचेच. त्यांची बायको अन्नपूर्णाबाई. बाकी गुजराती, पंजाबी लोकांना थूल आणि आंजीकर सारखेच. पण वर्ध्याच्या माणसाला आडनाव ऐकलं की जात, मोहल्ला, विहीर, सगळं कळतं. तानबाने पहिल्याच दिवशी घाबरून आंजीकर सांगितलं आणि मग तेच चिकटलं. घरच्या पत्रांवर सुद्धा नुसतं 'तानबा रामाजी' लिहायला त्याने मास्तरांना कळवलं होतं. दसऱ्याला प्रभाकरराव मराठी माणसांना जेवायला बोलवत. तानबा दरवर्षी पोट दुखतं म्हणून खोलीत पडून राही.

"समजलं तं समजलं," धुरपता म्हणाली.

"समजलं तं समजलं कसं? शेठनं काढून टाकलं तं आपुन कोठं जाचं? मधात समुद्र हाये."

ती थकलेली होती. त्याच्यामागून ती उतार उतरू लागली.

महिनाभर ती त्याच्या शिकवणीप्रमाणे वागली. त्यांच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर एक किराणा दुकान होतं. पण अन्नपूर्णाबाई तिथे सौदा घेत, म्हणून तानबा कधी त्या दुकानाची पायरी चढला नव्हता. तो टेकडीपलीकडच्या दुकानातून डाळ, तिखट आणि दिव्याचं मातीचं तेल आणायचा. जायला पाऊण तास, यायला एक. आता दोघं मिळून आणू लागले. तेलाचा डबा हातात घेऊन चढण चढताना धुरपता जवळच्या दुकानाकडे वळून पाही आणि तानबा मान खाली घालून चालत राही.

वर्कशॉपात तानबाच्या हाताखाली मुसोके नावाचा तिथलाच एक माणूस होता. तानबाला तिथली स्वाहिली भाषा त्यानेच शिकवली होती. त्याची आई बाजारात धान्य विकायला बसे. एका रविवारी मुसोके धुरपताला आणि तानबाला आईकडे घेऊन गेला. म्हातारीने खुशाली विचारली, मग धुरपताचा हात आपल्या हातात घेतला, तळवा उघडला आणि त्यात मूठभर दाणे ओतले, बघ म्हणून.

पुढे अनेक वर्षांनी, आंजीच्या त्यांच्या ओसरीवर, धुरपताबाई मला हे सांगत होत्या तेव्हा त्यांनी आपला तळवा समोर धरला. "आंजीत दुकानदार मीठ सुदिक वरून टाके. अन् हे बुढी, ना वळखीची ना देखीची, माह्या हाताले हात लावून देऊन राह्यली. मंग म्या खाली पाह्यलं तं हातात ज्वारी!"

लालसर, बारीक दाण्याची, पण ज्वारीच. तिथे तिला म्तामा म्हणत. तानबा दोन वर्षं मक्याचं पीठ शिजवून खात होता. ज्वारी बाजारात असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं, कारण सारा बाजार फिरायची शिकवण देणारा तो स्वतः मात्र लागेल तेवढं घेऊन लगेच निघून यायचा. धुरपताने ज्वारी घेतली, चक्कीवरून दळून आणली आणि भाकरी थापल्या. थोडी कडसर लागली. तानबाने चार खाल्ल्या आणि तव्यावरची पाचवी कधी होते म्हणून बघत बसला.

ऑगस्टमध्ये एक दिवस दुपारी घरातलं तिखट संपलं. तानबा कामावर होता. धुरपताने टेकडीकडे पाहिलं, पिशवी घेतली आणि सरळ जवळच्या दुकानात गेली. दुकानदाराशी ती हिंदीत बोलत होती, पण तिखटाचा रंग बघून तोंडातून निघून गेलं, "हे तं निरं भुसकट दिसते!"

शेजारी साखर बांधून घेणारी बाई गर्रकन वळली. "अगबाई, तुम्ही वऱ्हाडाकडच्या?"

"वर्ध्याची. आंजीची."

"मीही वर्ध्याचीच!" बाईंचे डोळे भरून आले. "तीन वर्षांत ही बोली ऐकली नाही हो मी. मी अन्नपूर्णा. आमचे हे कंपनीत आहेत. तुम्ही त्या फिटरच्या, आंजीकरांच्या का?"

धुरपता त्या क्षणाबद्दल सांगायची की ती काही ठरवून आली नव्हती. पण समोरची बाई इतकी आनंदाने बघत होती, आणि तो आनंद खोट्या नावावर घेणं तिला जमेना.

"आंजीकर नाई बाई. थूल. धुरपता तानबा थूल. आमी बौद्ध झालो, मांगच्या दसऱ्याले."

अन्नपूर्णाबाईंचा पुढे आलेला हात थांबला. दुकानदार साखरेची पुडी धरून उभा राहिला. "बरं," असं म्हणून त्यांनी पुडी घेतली, पदर सारखा केला आणि त्या गेल्या.

धुरपताने तिखट घेतलं. घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं की तिला हलकं वाटत आहे.

संध्याकाळी तिने सगळं सांगितलं. तानबा रागावला नाही. कोट तसाच अंगात ठेवून खाटेवर बसला. "आता उद्या," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने त्याला बोलावलं. मॅनेजर गुजराती होता आणि फिटर लोकांशी हिंदीत बोले. टेबलाच्या कडेला प्रभाकरराव कागद चाळत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तानबा, प्रभाकरराव कहते हैं तुम नाम गलत बताते हो. सच क्या है?"

तानबा सांगायचा की तेव्हा त्याच्या कानात वर्कशॉपातली सगळी यंत्रं एकदम बंद झाली. तो म्हणाला, "थूल, साहेब. तानबा रामाजी थूल. हम बौद्ध है."

मॅनेजरने कपाटाकडे बोट दाखवलं. "वो तो मालूम है. पासपोर्ट तुम्हारा इधर ही पड़ा है. मैं समझा, तुम्हारी तरफ दो नाम रखते होंगे." मग तो प्रभाकररावांकडे वळला. "रजिस्टर में ठीक कर लो." आणि परत तानबाकडे, "मसाका के रास्तेवाली जिन में नया माल आने से पहले चार मशीन खोलनी है. जीप दो बजे निकलेगी. मुसोके को साथ ले जाओ."

तानबा बाहेर आला. वर्कशॉपाच्या मागे पाण्याचा नळ होता तिथे जाऊन त्याने तोंड धुतलं, डोकं धुतलं, मग पुन्हा तोंड धुतलं. मुसोकेने विचारलं, काय झालं? "काही नाही," तानबा म्हणाला. "काहीच नाही झालं." आणि तो हसायला लागला. मुसोकेला काही कळलं नाही, पण तोही हसला.

जीप निघायच्या आधी तो धावत घरी आला. "धुरपता! काई नाई झालं वं!" एवढं दारातूनच सांगून परत पळाला. चार दिवसांनी मसाक्याकडून आला तो थेट जवळच्या दुकानात गेला आणि मातीच्या तेलाचा भरलेला डबा हातात घेऊन पाच मिनिटांत घरी आला. येताना त्याने शेजारच्या पंजाबी सुताराला थांबवून उगाचच सांगितलं की हे दुकान फार चांगलं आहे.

सगळंच गोड झालं असं नाही. प्रभाकररावांनी त्या वर्षी दसऱ्याला तानबाला बोलावलं नाही. ऑफिसात भेटले तर ते कामापुरतं बोलत. तानबाला त्याचं वाईट वाटे, पण आता त्याला पोट दुखण्याची गरज नव्हती. त्या दिवशी त्याने आणि धुरपताने मुसोकेच्या घरी जाऊन कच्च्या केळ्यांचं जेवण केलं.

अन्नपूर्णाबाई मात्र दसऱ्यानंतर एका सकाळी त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

"तुमच्याकडे भाकरी होते, असं ऐकलं. वास येतो कधी कधी," त्या म्हणाल्या. "ज्वारी कुठं मिळाली?"

"बजारात. मुसोकेच्या मायजवळ."

"मी बाजारात कधी गेलेच नाही हो. भाषा येत नाही. गर्दीची भीती वाटते. सगळं दुकानातूनच घेते."

धुरपताने पिशवी उचलली. "चाला. दाखोतो."

बाजारात धुरपता पुढे आणि अन्नपूर्णाबाई तिचा पदर धरल्यासारख्या मागे. धुरपताने आधी सारा बाजार फिरवून दाखवला. खुशाली कशी विचारायची, भाव ऐकून कसं हसायचं, दाणा दातात फोडून ओला की सुका कसं ओळखायचं, ते सांगितलं. मुसोकेच्या आईने अन्नपूर्णाबाईंच्या तळव्यातही दाणे ओतले. त्या आधी दचकल्या, मग त्यांनी बोटांनी दाणे चिवडून पाहिले आणि म्हणाल्या, "अगदी आपल्यासारखीच नाही, पण चालेल."

येताना ऊन तापलं होतं. धुरपताच्या दाराशी आल्यावर अन्नपूर्णाबाई पायरीवर बसल्या. पदराने घाम पुसला. मग म्हणाल्या, "थोडं पाणी द्या हो."

"म्या तांब्या घासून बी नाई देला," धुरपताबाई मला म्हणाल्या. "होता तसाच भरून देला. तिनं प्याला. मंग ज्वारी दळाची चक्की कोठं हाये ते म्या सांगतलं."

पुढची दोन वर्षं दर पंधरवड्याला दोघी बाजाराला जात. प्रभाकररावांना ते माहीत होतं की नाही, हे धुरपताने कधी विचारलं नाही.

करार संपवून एकोणसाठ साली तानबा आणि धुरपता आंजीला परतले. त्याला पुलगावला काम मिळालं. पुढे आसपासच्या गावांतलं कोणी मोंबासा, एडन, कुठेही कामाला निघालं की आधी त्यांच्या घरी येई. तानबा यंत्राचं सांगायचा: जे येत नाही ते येत नाही म्हणा, साहेब रागावत नाही, यंत्र मोडलं तर रागावतो. बायकांना धुरपताबाई सांगत. हिंगणीच्या चंद्रभानची बायको मोंबासाला निघाली तेव्हा मी तिथेच होते. पोरगी घाबरलेली होती. धुरपताबाईंनी तिला जवळ बसवलं आणि तासभर सगळं समजावलं, सामानाच्या कुलपापासून बाजाराच्या वेळेपर्यंत. पोरगी उठली तेव्हा तिचा चेहरा बराच सैल झाला होता.

ती फाटकापाशी पोचली तरी धुरपताबाईंचं संपलं नव्हतं. त्यांनी ओसरीवरून हाक मारली, "अवं, अन् बोटीवर खायाले लिंबाचं लोनचं संग ठेवजो! पयले तीन दिवस दुसरं काईच पोटात राह्यत नाई!"