कोळशाच्या मोटरीतला दिवा

माझे अक्षर वाकडेतिकडे आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमले नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. चुकून कोणी ही वही उघडलीच तर माफ करावे.

थोरल्या भावाचे लग्न लढाईच्या दिवसांत झाले. मी दहा वर्षांची होते. आमचे घर कर्जतजवळ, नवरी खालापूरची. बाबांनी वऱ्हाडासाठी मोटर ठरवली. पेट्रोल मिळत नसे, म्हणून तिच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवली होती. मी करवली. आमच्या घरची रीत अशी, की देवापुढचा दिवा करवलीने न विझू देता मांडवापर्यंत न्यायचा.

"दिवा इझला तर नवरी घरात टिकायची नाय," आत्या म्हणाली. "नजर हलवू नको."

भाऊ आठ दिवस सांगत होता, की चौक गावाच्या अलीकडे उजव्या हाताला इर्शाळचा डोंगर लागतो आणि त्याच्या माथ्याजवळ आरपार भोक आहे. मला ते पाहायचे होते. पण मांडीवर दिवा, आणि डोळे ज्योतीवर. कर्जतचा बाजार मला तळणाच्या वासावरून कळला, नदी गार वाऱ्यावरून. पुढे भातशेतात राब, म्हणजे पालापाचोळा, भाजल्याचा धूर नाकात गेला.

एका चढावर मोटर थकली. ड्रायव्हर म्हणाला, "उतरा, ढकला." पुरुष मागे गेले. आत्याला मळमळत होते, ती झाडाखाली जाऊन बसली. आत ड्रायव्हर आणि मी एवढेच राहिलो. तेवढ्यात भावाने बाहेरून हाक मारली, "अगं, ते बघ भोक."

मी बघितले. काळ्या कड्यात निळ्या आभाळाचा एवढासा तुकडा. मोटरीने हिसका दिला, तेल परकरावर सांडले आणि दिवा विझला.

मला रडताही येईना. ड्रायव्हर म्हातारा होता, मोठ्या मिशांचा. त्याने मागे वळून पाहिले आणि दिवा आपल्या पायाशी घेतला. आत्या परत येऊन बसली.

"दिवा कुठाय गं?"

"माझ्यापाशी हाय," ड्रायव्हरच बोलला. "तिथं वारा लागत व्हता."

चौकला त्याने पाणी घालायला म्हणून मोटर थांबवली, दुकानातून तेल आणले, भट्टी उघडून निखाऱ्यावर वात धरली आणि पेटता दिवा माझ्या मांडीवर ठेवला. "आन्याचं तेल," तो हळूच म्हणाला. "चार पैसं, दे सावकाश."

येताना हात मोकळे होते. खालापूरच्या कचेरीची कौले, खोपोलीच्या डोंगरावरून उतरणारे पाण्याचे नळ, चौकचा बाजार, सगळे पोटभर पाहिले. शेजारी वहिनी रडत होती. मी तिला बोटाने इर्शाळचे भोक दाखवले. ती रडायची थांबून बघत राहिली.

ती मोटर बाजारच्या दिवशी आमच्या नाक्यावर थांबे. मला कधी पैसा मिळाला की मी तो ड्रायव्हरच्या हातावर ठेवून, वर न बघता पळून येई. असे तीन पैसे दिले. मग पावसात मोटर बंद झाली.

दिवाळीला वहिनी माहेरी गेली. पंधरा दिवस झाले, तरी आली नाही. मला ठाऊक होते, हे दिव्यामुळे. मी रोज नाक्यावर जाऊन उभी राहू लागले.

एका बाजारच्या दिवशी ती त्याच मोटरीतून उतरली. आईला ताप होता, म्हणून राहिले, म्हणाली. मी तिथेच रडले आणि सगळे सांगून टाकले. तेल, निखारा, तीन पैसे.

वहिनी हसली. "मग आता माघारी जाऊ का, वन्सं?"

तिने पदराची गाठ सोडली आणि एक पैसा माझ्या मुठीत दिला. या वेळी मी पळाले नाही.

ड्रायव्हरने पैसा खिशात टाकला. "फिटलं गं पोरी," तो म्हणाला. "आना पुरा झाला."