मी बदललेली दोन नावं

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नितीनला तर नाहीच — आणि नितीन माझा नवरा आहे. तुम्हाला हसू आलं तर खुशाल हसा. मलाही येतं, तीच तर पंचाईत आहे.

लग्नाआधी आम्ही दोघं नागपुरात एकाच छोट्या ऑफिसात जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्राम लिहायचो. भाषा भारी भोळी. माहिती ठेवायला नाव दिलेले डबे असतात, पण डब्यात आकडा ठेवलाय की मजकूर, विचारतच नाही. वीस आणि पाच आकडे असतील तर बेरीज पंचवीस. मजकूर असतील तर शेजारी शेजारी चिकटवून दोनशे पाच! म्हणून डब्याच्या नावातच खूण ठेवायची — आकडा असेल तर सुरुवातीला 'नम', मजकूर असेल तर 'टेक्स्ट'. हा नियम ऑफिसात मीच आणला. आणि काय मिरवायचे मी! कुणी चुकलं की सगळ्यांसमोर झाडायचे. नितीनला जरा जास्तच — का, ते आता काय सांगू?

तर कामठीच्या एका केटररचं काम आलं. मोठी माणसं किती, मुलं किती, एवढं फॉर्ममध्ये भरायचं. फॉर्ममधून येतो तो मजकूरच, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण घाईत त्याचा आकडा करायचं विसरले, आणि नावं मात्र ठेवली 'नम'ची. त्या नावांवर विश्वास ठेवून नितीननं बेरीज लिहिली. पहिलीच ऑर्डर वाढदिवसाची — वीस मोठे, पाच मुलं. आचाऱ्यानं चिठ्ठी पाहिली आणि दोनशे पाच जणांचा वडाभात रांधला.

साहेबांनी आम्हाला त्या वाढदिवसाच्या घरी माफी मागायला पिटाळलं. पण माफी ऐकायला वेळ कुणाला होता? घरच्यांनी अख्खी गल्लीच जेवायला बोलावली होती. "पाहून काय राहिले गा, वाढा ना!" आजोबा ओरडले. नितीन भात वाढतोय, मागून मी फोडणीचं तेल घालतेय, पोरं ताटं घेऊन नाचताहेत — इतकी मजा मला माझ्या लग्नातही आली नाही. लग्न ठरलं ते मुळी त्या पंगतीतच.

पण त्याआधी, ऑफिसात — कसं सांगू? साहेब नितीनला झापत होते. तो म्हणाला, "नावात 'नम' होतं सर, मी पाहिलं होतं." साहेबांचा फोन वाजला. तेवढ्यात मी माझ्या मशीनवरून आमच्या दोघांच्या सामायिक फाइलमध्ये ती दोन्ही नावं सगळीकडे बदलून 'टेक्स्ट' केली. विसरण्याबद्दल म्हणत नाही मी — विसरतं कुणीही. हे मी जाणूनबुजून केलं. नितीननं फाइल उघडली आणि बघतच राहिला. "मलेच कसं दिसलं नाही वं?" मी काय म्हणाले असेन? "होतं असं कधी कधी."

पुढे त्यानं कोड लिहिणं सोडलं. त्याच केटररकडे गेला. आता कामठीत त्याच्याशिवाय कार्य होत नाही. सुखात आहे, खरंच. दोनशे पाचाची गोष्ट तो स्वतःच सांगतो, आचाऱ्याच्या नकलेसकट, आणि लोक पोट धरून हसतात. मीही.

परवा त्याला जुनी हौस आली. किराण्याच्या हिशेबासाठी छोटासा प्रोग्राम लिहिला आणि मला हाक मारली. "तू पाहून दे वं. माह्या नजरेचा भरोसा नाही."

मी ओळ न् ओळ वाचली. सगळं बरोबर होतं. तसं सांगितलं, तर एवढा खूश झाला की चहा करायला स्वतः उठला.

त्याची नजर तेव्हाही बरोबर होती. ते नाही सांगितलं.