डेटिंग ॲपवर, पूर्ण नावानिशी

आटपाडीकडच्या आमच्या गावातून मी सांगलीला निघाले, त्या सकाळी आप्पांनी माझ्या गादीची वळकटी एसटीच्या मागच्या सीटवर टाकली आणि कंडक्टर ओरडत असूनही खाली उतरेनात. शेवटी म्हणाले, "कुनी गाव इचारलं तर खालच्या आवाजात सांगू नगंस." झालं. आमच्या घरात निरोपाचं भाषण एवढंच असतं. आई स्टँडवर आलीच नाही. मेंढरं सोडायची वेळ झाली होती, आणि तिला रडताना कुणी बघितलेलं चालत नाही.

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या मैत्रिणींनो, माझ्याबद्दल तुम्ही जे ऐकलंत ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं आता माझ्याकडून ऐका.

तेव्हा सांगली मला परदेश वाटायची. आता विश्रामबागेत माझी खोली आहे, कुपवाडच्या एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, आणि वाट चुकलेले लोक माझी स्कूटी थांबवून मला पत्ता विचारतात. व्हॉल्व्हचे सुटे भाग तपासायचं माझं काम. मापात बसला तर पास, नाहीतर रिजेक्ट. माझ्या सहीनं खराब माल बाहेर गेलेला नाही, हे मी फुशारकीनं सांगते. का सांगू नये?

डेटिंग ॲपचं खूळ डबा खाता खाता डोक्यात शिरलं. लग्नाची घाई नव्हती, नुसती उत्सुकता होती. पण मी पडले क्वालिटीची, एकच नमुना बघून माझं समाधान होत नाही. मग तीन वेगवेगळी ॲप घेतली आणि तीन पुरवठादारांचा माल शेजारी शेजारी मांडावा तशी तपासली. पहिल्यावर नुसते फोटो. आवडला तर उजवीकडे सारायचा, नाही आवडला तर डावीकडे. चहा गार व्हायच्या आत सांगलीतले पुरुष संपले. अंतर वाढवलं तर कोल्हापूर आलं, आणखी वाढवलं तर बेळगाव. दुसऱ्यावर बाईनंच आधी बोलायचं असा नियम. मला तो फार आवडला, पण समोरचे इतके दचकायचे की "तुम्ही खऱ्या आहात ना?" यापुढे गाडी जायचीच नाही. तिसऱ्यावर स्वभावाबद्दल भरपूर प्रश्न होते. ते खटाटोपाचं, पण तिथली माणसं बोलायला बरी निघाली. पाचगणीतल्या एकानं स्ट्रॉबेरीच्या शेतीबद्दल इतकं मन लावून लिहिलं की मी मुद्दाम जाऊन स्ट्रॉबेरी आणली. भेटायचं म्हटल्यावर मात्र तो गायब झाला.

तिन्हीकडे एक खोट सारखीच होती. चेहरेच नव्हते! कुणाच्या बुलेटची टाकी, कुणाचा तुऱ्यावर आलेला ऊस, कुणाचा जिममधला नुसता दंड. नावाच्या जागी एखादं इंग्रजी अक्षर. मोठ्या शहरात लोक अनोळखी माणसं भेटावीत म्हणून ॲपवर जातात. आपल्याकडे ओळखीच्या माणसानं बघू नये ही पहिली काळजी. कंपनीतली मैत्रीण म्हणाली, "तू पण गुलाबाचं फूल टाक."

मला राग आला. लपायचंच होतं तर गावाबाहेर पडले कशाला? मी कारखान्याच्या गेटवर काढलेला हसरा फोटो टाकला, पूर्ण नाव लिहिलं, आणि खाली लिहिलं: गाव आटपाडीजवळ, वडील मेंढपाळ, घरी मेंढरं आहेत. 'मेंढपाळ' दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, हेही सांगते.

थोड्याच दिवसांत माझा चुलतभाऊ सुरेश यानं माझ्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट काढून भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आईचा फोन आला, "तुजा बाप निघालाय. चुलतं म्हनत्यात, तिला घिऊनच ये." आप्पांनी 'चल' म्हटलं असतं तर मी नाही म्हणू शकले नसते. नोकरी, खोली, इतक्या वर्षांचं सगळं त्या एका शब्दावर होतं.

आप्पा आले. पाणी प्याले, फेटा काढून मांडीवर ठेवला.

"दाव बघू ते."

मी फोन दिला. अक्षरांखाली बोट फिरवत त्यांनी सावकाश वाचलं.

"मेंढपाळ लिवलंयस."

"व्हय आप्पा."

"कुनी हासलं का?"

"हासले थोडे. त्यांना काढून टाकलं."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन फोटो बघितला. मग म्हणाले, "सुऱ्याला ह्ये दिसलं कसं?"

"तो बी हाय म्हनून. ॲपवर असल्याबिगर दिसतच न्हाई."

आप्पांनी त्याला तिथूनच फोन लावला. कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकर लावून मोठ्यानं बोलतात. "सुरेशा, फोटू बघितला. नाव, गाव समदं खरं हाय तिचं. आता तुजा बी टाक रं ग्रुपवर. तुज्या बापाला बघू दे." पलीकडून फोन बंद झाला. मी हसले, आणि हसता हसता रडले.

"मला ह्ये लय पटलंय आसं न्हाई," ते म्हणाले. "कुनाला भेटाय जाशील तवा आईला सांगून जात जा."

आप्पांचा मोठा आवाज ऐकून घरमालकीणकाकू चहाचं निमित्त करून डोकावल्या. इतकी वर्षं मीसुद्धा या जागेला 'रूम' म्हणत आलेय. घरी जाते म्हटलं की ते गावाकडचंच. काकूंनी कप पुढे केला आणि हळूच विचारलं, "काय हो, मुलीला घरी न्यायला आलात वाटतं?"

आप्पांनी चहा बशीत ओतला.

"न्हाई वो बाई. पोरीच्या घरी आलोय. उद्या माज्या घरी जाईन."