मेंढराची अर्धी गोष्ट

मोडलेल्या हाडाला हात लावण्याआधी मामा दोन्ही पंजे काखेत घालून बसायचे. समोर माणूस कळवळत असो, त्याची बायको रडत असो, मामांची घाई नाही. विचारलं तर म्हणायचे, "हात माजं न्हाईत, बाबा. उसनं हायती. ज्यानं दिलं त्येला इचारतुया." मग डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचे आणि पंजे बाहेर काढायचे. तोवर ते चांगले ऊबदार झालेले असत.

आमच्या दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली एक चपटा दगड होता, तीच मामांची गादी. कडेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. मिशनचा दोन खोल्यांचा दवाखाना, डॉक्टर फक्त बाजारच्या दिवशी यायचे, आणि बाकीचा आठवडा मी. मी साताऱ्याच्या पेठेत वाढलेला, नवा नवा कंपौंडर, डोक्याला तेल लावून भांग पाडणारा. आणि सगळा बाजार ज्याला मामा म्हणायचा तो हा पूर्वेकडच्या माळावरचा धनगर, खांद्यावर घोंगडं, पायात जाड वहाणा. बाजारच्या दिवशी माझ्या दारात चार माणसं असायची आणि त्याच्या दगडापुढं चाळीस. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला माझा जळफळाट व्हायचा. मिक्श्चरच्या बाटल्या मी उगाच जोरात आपटायचो.

मामा ख्रिस्ती झाले त्याची हकिकत त्यांनीच मला सांगितली. तरुणपणी बाजारात एका प्रचारकाच्या तोंडून त्यांनी ती हरवलेल्या मेंढराची गोष्ट ऐकली. शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवलं, नव्याण्णव रानात ठेवून मेंढपाळ त्या एकाच्या मागं गेला. मामा तिथंच भांडायला उठले. "नव्याण्णवाजवळ कोण हाय? कुत्रं हाय का? लांडगा आला म्हंजी?" प्रचारक बिचारा शहरातला. तो गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. मामा पुढच्या बाजाराला पुन्हा गेले, पुन्हा भांडले. असं वर्षभर चाललं. "आन् मग एक दिस माजंच मेंढरू चुकलं, कंपौंडर. म्या मागचा पुढचा इचार न करता पळालो. अर्ध्या वाटंत ध्यानात आलं, की आरं, आपून बी नव्याण्णव टाकूनच आलोय. तवा म्हटलं, ही गोष्ट सांगणाऱ्याला मेंढरं ठावं हायती. त्येच्या मागं जायाला हरकत न्हाई."

मामांना वाचता येत नव्हतं, प्रवचन जमत नव्हतं, आणि गळा असा, की प्रार्थनेला गायला लागले की पाळकसाहेब हळूच दुसऱ्या गाण्याचं पान उलटायचे. देवानं त्यांना दोनच गोष्टी दिल्या होत्या. बोटांना कातडीखालचं हाड दिसायचं, आणि गोष्ट अशी सांगायचे की ऐकणारा दुखणं विसरायचा. त्या दोन्हींचं त्यांनी एकच काम करून टाकलं होतं.

म्हणजे कसं, ते सांगतो. माणूस दगडापुढं बसला की मामा त्याचा मोडका हात मांडीवर घ्यायचे आणि गोष्ट सुरू करायचे. बोटं हळूहळू चाचपत असत. मेंढरं मोजली जायची, एक कमी भरायचं. मेंढपाळ काठी घेऊन निघायचा. काटे, करवंदीची जाळी, उतरतं ऊन. हाका मारून त्याचा घसा बसायचा. "आन् मग त्यो थांबला," मामा आवाज खाली आणायचे, "आन् खालनं घळीतनं, लय बारीक, बेंऽ..." बेंऽ ऐकायला माणूस कान पुढं करायचा, आणि तेवढ्यात मामा हाड ओढायचे.

जी बोंब उठायची ती पार बाजाराच्या टोकापर्यंत जायची. हाड बसलेलं असायचं. मग अंड्यातला पांढरा बलक लावलेली पट्टी, बांबूच्या कामट्या, आणि "म्हैनाभरानं पट्टी सोडाया ये, तवा पुढचं सांगतो."

पण पट्टी सोडल्यावर गोष्ट ऐकायला कोण थांबतो? तुम्हीच सांगा. माणूस आधी हात वर-खाली करून बघायचा, पाय टेकून दोन पावलं टाकायचा, आणि खूश होऊन चालू लागायचा. मामा मागून म्हणायचे, "आरं, ते मेंढरू..." तोवर तो भजीच्या दुकानापाशी. त्यामुळे सगळ्या तालुक्याला ती गोष्ट अर्धीच ठाऊक होती. बेंऽपर्यंत. पाळकसाहेब एकदा वैतागून म्हणाले, "अहो मामा, शुभवर्तमानातला आनंदाचा भागच राहतोय!" मामांनी मान खाली घातली. "व्हय साहेब. पर वढायला तीच जागा बरी पडती."

मी चिडवायचो, "मामा, ते मेंढरू कधीचं घळीत पडलंय. मेलं असेल आता." ते हसायचे. "न्हाई मेलं. वरडतंय अजून. इचारायला येईल कुणीतरी."

ते दिवसही बेचाळीसच्या चळवळीचे होते. भूमिगत पोरं रानात असत आणि पोलीस गावात. मोडका हात घेऊन कोण आला तर कसा मोडला हे विचारायचं नाही, असा मामांचा नियम होता. ते पोरांचीही हाडं बसवत आणि एकदा शिपायाचंही बसवलं. दोघांनाही गोष्ट बेंऽपर्यंतच.

मामांना एक थोरला भाऊ होता. त्याला आपण दादा म्हणू, मामा तसंच म्हणत. मामांनी बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी बिरोबाच्या जत्रेत दादानं त्यांच्या कपाळाला भंडारा लावायला हात पुढं केला, आणि मामांनी तोंड मागं घेतलं. चारचौघांत. घराण्याचा मानाचा ढोल त्यांच्याकडं, देवापुढं पहिला नाच त्यांचा, आणि धाकटा भाऊ भंडारा नको म्हणतो. दादानं तिथल्या तिथं सांगितलं, "देव टाकला, तवा आमाला बी टाकलं." मेंढरं वाटून झाली आणि बोलणं संपलं. दादाची बाजू मला तेव्हाही समजत होती. त्याला फार लागलं होतं.

दर बाजारी दादा आमच्या दवाखान्यावरून जायचा. मामा दगडावरून उठून उभे राहायचे. "दादा, बरं हाय का?" दादा मेंढराला म्हणायचा, "चल रं, हिथं काय थांबतोस?" आणि त्या बाजूला घोंगडं ओढून निघून जायचा. मामा खाली बसायचे आणि पुढच्या माणसाचा हात मांडीवर घ्यायचे. मी त्यांना एकदा म्हटलं, कशाला विचारता दर खेपेला? ते म्हणाले, "म्या देवाकडं दुसरं काय मागितलंच न्हाई, कंपौंडर. एवढंच मागितलंय. दादानं मला एकदा हाक मारावी."

आणि दादानं हाक मारली. कशी, ते ऐका.

मेंढरांसाठी पाला पाडायला दादा बाभळीवर चढला होता, फांदीसकट खाली आला. भर दुपारी बैलगाडीत घालून त्याला आणलं. बाजारचा दिवस नव्हता, डॉक्टर नव्हते. गाडी माझ्या दाराशी नाही थांबली, लिंबापाशी थांबली. गाडीत दादा, बायको, हाकायला मोठा मुलगा. दादाचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण मामा जवळ येताच त्यानं मान वळवली आणि म्हणाला, "धाकल्या, बसव."

मामांचे डोळे भरून आले. त्यांनी पंजे काखेत घातले, डोळे मिटले. मग पायावरचं फडकं उचललं. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. मामांनी फडकं परत टाकलं.

"दादा, ह्ये माज्या हातचं न्हाई. मोठ्या मिशन हास्पिटलात न्यायला पायजे."

मला मागचं ठाऊक होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी असाच एक उघडा मोडलेला पाय मामांनी बसवला होता. लोकांनी वाहवा केली. पाय सडला आणि तो माणूस गेला. तेव्हापासून मामांनी देवापुढं शब्द दिला होता, की रक्ताचं हाड दिसलं तर हात लावणार नाही. मग कोणीही असो.

दादाच्या बायकोला हे काय माहीत? तिला एवढंच दिसलं, की साऱ्या मुलखाची हाडं बसवणारा दीर सख्ख्या भावाला हात लावत नाही. ती म्हणाली, "भावजी, इतकी वर्सं बोललं न्हाईत म्हणून सूड घेताय व्हय?" जमलेल्या लोकांतही कुजबुज झाली.

दादा मामांकडं बघून म्हणाला, "लोकास्नी तुजा हात चालतो. मला चालत न्हाई. तुज्या देवानं सांगितलं व्हय तसं?"

"व्हय दादा," मामा म्हणाले, "त्येनंच सांगितलंय."

आणि ते दगडावर बसले आणि दोन्ही पंजे स्वतःच्या मांड्यांखाली घातले. अंगाचा सारा भार त्यांच्यावर टाकून बसले. ते हात भावाकडं धावत होते, आणि मामांनी त्यांना असं दाबून धरलं होतं. एवढं अवघड काम मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिलेलं नाही. मी देवाधर्माचा माणूस नव्हे, पण त्या दिवशी मला गलबलून आलं.

मी जखम धुतली, उकळलेलं फडकं बांधलं, फळीला पाय जखडला आणि गाडी तशीच स्टेशनकडं काढली. मी बरोबर, मामाही. वहिनीनं त्यांना चढू नका म्हटलं नाही आणि चढा असंही म्हटलं नाही. ते मागच्या बाजूला दादाच्या डोक्याशी बसले. चाक खड्ड्यात गेलं की दादा विव्हळायचा आणि मामा त्याचं डोकं मांडीवर उचलून घ्यायचे. दादानं दोनदा मान बाजूला नेली. तिसऱ्यांदा राहू दिली.

ओढ्यावर बैलांना पाणी पाजायला गाडी थांबली तेव्हा दादा म्हणाला, "समद्यास्नी गोष्ट सांगतोस म्हणं. मला न्हाई सांगितलीस कवा."

मामांनी सुरुवात केली. शंभर मेंढरं, एक कमी. दादा मधेच म्हणाला, "नव्याण्णवाजवळ कोण हाय?" मामा हसले, आणि मीही हसलो. मग काटे आले, करवंदी आली, घसा बसला. "आन् घळीतनं, लय बारीक, बेंऽ..."

दादानं डोळे गच्च मिटले आणि गाडीचा दांडा धरला. या जागी काय होतं हे त्यालाही ऐकून ठाऊक होतं. काहीच झालं नाही. त्यानं एक डोळा उघडला. "वढ की."

"वढायचं न्हाई, दादा."

"मग पुढं?"

पुढचं मी तरी कुठं ऐकलं होतं? इतकी वर्षं रोज कानावर पडत होती, पण बेंऽनंतर माझ्याही कानात बोंबच होती. मामा सांगू लागले. मेंढपाळ घळीत उतरला. हात काट्यांनी फाटले. मेंढरू सापडलं.

"बडवलं आसंल," दादा म्हणाला.

"न्हाई. खांद्यावर घेतलं."

"खांद्यावर? चालवत न्हाई आणलं?"

"चालवणार कसं? पाय मोडला व्हता त्येचा."

दादानं फळीला जखडलेल्या आपल्या पायाकडं बघितलं. मग म्हणाला, "ह्ये तुज्या पुस्तकात हाय?"

"न्हाई," मामा म्हणाले. "ह्ये मला ठावं हाय."

पुढे मी ते पुस्तक उघडून पाहिलं. मोडल्या पायाचा त्यात खरंच उल्लेख नाही. पण मला ती गोष्ट आता तशीच आठवते.

दादाचा पाय राहिला. दोन बोटं आखूड झाला, पण राहिला. डॉक्टरांनी वहिनीला सांगितलं, की कोणी गावात ओढला असता तर माणूस हाती लागला नसता. गावी परतल्यावर पहिल्याच बाजारी तिनं भाकरी आणि ठेचा बांधून दगडावर आणून ठेवला. दादा बिरोबाचाच राहिला, कपाळाचा भंडारा कधी सुटला नाही. मामाही आपले रविवारी प्रार्थनेला बेसूर गात राहिले. पण बाजारच्या दिवशी दोघं एका फडक्यावर जेवायचे.

स्वातंत्र्यानंतरच्या उन्हाळ्यात मामा तापानं गेले. मातीला आले त्यांत ख्रिस्ती घरं दोन-तीन, बाकी सगळी बरी झालेली हाडं. मी त्या गर्दीत उभा राहून लहान पोरासारखा रडलो.

त्यानंतरच्या बाजारी एक गडी लांबून आला. खांदा निखळलेला. त्याला काही माहीत नव्हतं, तो सरळ लिंबाखाली गेला. दगडावर दादा बसला होता, काठी टेकून. "ज्येंचं हात व्हतं ते गेलं, बाबा," तो म्हणाला, आणि त्याला धरून दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टर त्या दिवशी होते. त्यांनी गड्याला बाकावर निजवलं. तो भीतीनं नुसता थरथरत होता. दादा त्याच्या उशाशी बसला, भंडाऱ्यानं माखलेलं कपाळ त्याच्यावर झुकवलं आणि म्हणाला, "आईक. एकाची शंभर मेंढरं व्हती."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. काटे झाले, करवंदी झाली. "...लय बारीक, बेंऽ..." आणि डॉक्टरांनी खांदा बसवला. गडी बोंबलला, मग हात हलवून बघितला आणि उठायला लागला.

दादानं त्याच्या छातीवर काठी आडवी धरली.

"खाली पड," तो म्हणाला. "मेंढरू अजून घळीत हाय."

गडी मुकाट्यानं परत निजला. डॉक्टर पट्टी हातात घेऊन तसेच उभे राहिले, मीही बाटली खाली ठेवली, आणि दादानं पुढची गोष्ट सांगायला घेतली.